माळेवस्ती: पाणी पोचलं

१२ मार्च, मंगळवार
आज परत नेटची लाईन गेली. साडेनऊ ते पावणेदोन. गावांच्या पाळीची यादी आपल्या पाणीवाटप संघाच्या बीडच्या ऑफिसातल्या एकाच सर्व्हरवर. ती दिसली नाही तर टँकर भरायच्या पॉइंटवरचा माणूस टँकर भरू देत नाही, कुणाची पाळी ते त्याला कळतच नाही. म्हणजे विहिरीत पाणी, पंप तयार, ड्रायव्हर रांगेत, आणि सगळं ठप्प. गेवराईच्या पॉइंटवर अकरा टँकर उभे. तिथून फोनवर फोन. एकजण म्हणाला, "मॅडम, पाणी कंप्युटरात हाय का हिरीत?"
तो ठेवून पुढचा फोन उचलला.

१४ मार्च, गुरुवार
कुलकर्णी सरांनी (मॅनेजर) बोलावलं. संघानं तीन छोट्या मशिनी घेतल्यात, बॅटरीवर चालणाऱ्या. प्रत्येकीवर यादीची पूर्ण प्रत राहील. बीडची लाईन गेली तरी पॉइंटनं जवळच्या प्रतीवर बघायचं. आपसात जोडायला संघाचे वायरलेस आहेतच. पॉइंट नऊ, मशिनी तीन. "नसरीन, कुठं ठेवायच्या ते तू सांग. लेखी."
नोकरीची चार वर्षं झाली, पहिल्यांदाच काहीतरी मला विचारलं.
घरी येऊन जुन्या कॅलेंडरच्या मागं नकाशा काढला. अब्बा रेडिएटरचं काम सोडून बघत बसले. सगळ्यात जास्त टँकर जिथं भरतात तिथंच तिन्ही ठेवल्या तर एकूण खोळंबा कमी होतो. पण मग डोंगराकडच्या गावांना एकही प्रत जवळ नाही, आणि सगळ्यात आधी लाईन जाते ती तिकडंच. शिवाय दोन मशिनी एकाच टॉवरखाली ठेवल्या तर टॉवर पडला की दोन्ही मेल्या. म्हणजे दोन असून एकच.
ठरवलं: गेवराई, लिंबागणेश आणि डोंगराकडं खडकी माथा.

१९ मार्च, मंगळवार
चेअरमन साहेब. (पुढं नुसतं चे.सा. लिहीन.) माझा कागद त्यांच्यासमोर. चहा पाजला, खुर्ची दिली. मग म्हणाले, "खडकी माथ्यावर मशीन ठिवून काय माकडं बघणार हायत? आंबेवाडीला ठिवा."
आंबेवाडी त्यांचं गाव. गेवराईपासून चार किलोमीटर. तोच टॉवर, तीच विजेची लाईन.
मी सांगितलं. नकाशाही दाखवला.
"टावर काय रोज पडतंय का, बाई?"
कुलकर्णी सर टेबलाकडं बघत होते. मी "बरं साहेब" म्हटलं. नवीन कागद टाइप केला, खाली सही माझीच.

२५ मार्च, सोमवार
लिंबागणेशचं मशीन बसवून आले. ऑफिसची जीप मिळाली नाही, नामदेव मामांच्या टँकरमधून गेले. मामा बावीस वर्षं टँकर चालवतात. झाकणाला जुन्या ट्यूबचं रबर कापून लावलंय, थेंब सांडू नये म्हणून. दुसऱ्या कुठल्याच टँकरला ते नाही. वाटेत विचारत होते, "पोरी, चार जागी यादी म्हणल्यावर खरी कंची?"
हसले मी. पण प्रश्न बरोबर आहे. प्रत तुटून एकटी पडली तर तिनं काय करायचं? थांबायचं, की आपल्याकडं आहे त्या यादीवर पाणी द्यायचं? थांबायचं म्हटलं तर परत अकरा टँकर उभे. म्हणून नियम केला: द्यायचं. लाईन आल्यावर सगळ्या प्रती आपसात जुळवतील, आणि एकाच गावाच्या दोन नोंदी निघाल्या तर शेवटच्या वेळेची नोंद खरी धरायची.
मामांना सांगितलं, "जी सगळ्यात शेवटी लिहिली ती खरी."
"मग शेवटी लिवणारा शाना पायजे," म्हणाले.

५ एप्रिल, शुक्रवार
बीडची लाईन दोन तास बंद होती. एकही टँकर थांबला नाही! कुलकर्णी सर स्वतः टेबलापाशी येऊन "छान" म्हणाले. ड्रायव्हर लोकांनी पडद्यावर अक्षरं मोठी करायला सांगितली, उन्हात दिसत नाहीत. मोठी केली. आता गावाचं नाव, ड्रायव्हरचं नाव आणि "पोचलं" किंवा "बाकी", एवढंच दिसतं. तारीख-वेळ पडद्यावरून काढली, जागाच उरत नव्हती. आत असतेच.
आज बरं वाटलं. लई दिवसांनी.

९ एप्रिल, मंगळवार
दुपारी वावटळ. गेवराईकडचा टॉवर गेला, लाईट गेली. गेवराई आणि आंबेवाडी, दोन्ही मशिनी एकदमच अंधारात. मला जे वाटत होतं तेच. कुणाला सांगू?
नामदेव मामांचा फोन. आंबेवाडीच्या पॉइंटवर माळेवस्तीच्या पाळीसाठी टँकर लावला, मशिनीत नोंद झाली (टँकर लावला की "पोचलं" पडतं), आणि पाइप टाकेपर्यंत पंप बंद. मोटारच जळाली म्हणे. टँकर रिकामाच परत. मी लगेच बीडच्या यादीवर माळेवस्तीची नोंद खोडली. "उद्या लिंबागणेशवरून भरून पाठवणे" असं टाकलं.
संध्याकाळी साडेसहाला संदीपचा फोन. हा चे.सां.चा पुतण्या, आंबेवाडीचं मशीन बघतो. बॅटरी पार उतरली होती, आता टॉवर आणि लाईट दोन्ही आले, मशीन चालू झालं. "मॅडम, ते तारीख विचारायलंय."
"टाक की आजची."
फोन कानाला, दुसऱ्या हातानं गेवराईचं चाललेलं. डोकं फुटायची वेळ.

१२ एप्रिल, शुक्रवार
गेवराईचं मशीन परत रांगेत. आंबेवाडीचा पंप अजून बंद, मोटार बांधायला गेलीय. तिकडचे टँकर दुसरीकडं वळवण्यात दिवस गेला.
माळेवस्तीवरून कुणाचा तरी फोन होता. शिंदेंनी (क्लार्क) उचलला. यादी बघून म्हणाले, "पोचलंय की ओ तुमच्याकडं. नामदेवचा टँकर. इथं दिसतंय." पलीकडचा माणूस भांडत होता. शिंदेंनी पडदा माझ्याकडं वळवला. माळेवस्ती, नामदेव, पोचलं. मी मान हलवली. दहा तारखेला मामा गेले असणार.

१५ एप्रिल, सोमवार
परत माळेवस्ती. शिंदे म्हणाले, "ह्या लोकांना दोनदा पायजे." मी ऐकलं, आणि काम करत राहिले.

१७ एप्रिल, बुधवार
माळेवस्तीची रुक्मिणबाई आज सकाळी विहिरीत पडली. जुनी विहीर, तळाला कपारीत थोडं पाणी साचतं. दोर कमरेला बांधून उतरत होती, तांब्यानं भरायला. वरचा दगड सुटला. कंबर मोडलीय. जिवंत आहे.
वस्तीतले लोक रस्त्यावर आले. तेवढ्यात नामदेव मामांचा टँकर तिथून चाललेला, पुढच्या गावाचं पाणी घेऊन. अडवला. काच फोडली, त्यांना खाली ओढून मारलं. दोन वेळा फोन केला तर ऑफिसनं हेच सांगितलं होतं ना, नामदेवनं पाणी आणलं म्हणून? म्हणजे नामदेवनं वाटेत विकलं. असा सरळ हिशोब.
पाच तारखेनंतर तिथं थेंब गेलेला नाही. बारा दिवस. पाळी दर चार दिवसांनी.
आज दुपारी दोन टँकर पाठवले. तोंड कुणाला दाखवायचं?

१८ एप्रिल, गुरुवार
कुलकर्णी सरांच्या टेबलावर यादीचं प्रिंट. माळेवस्ती, नामदेव, पोचलं. मामा सस्पेंड. चे.सा. म्हणाले पोलिसात तक्रार द्या, पाणी विकलं म्हणून.
मी म्हटलं, सर, नऊ तारखेला ती नोंद मी स्वतः खोडली. टँकर रिकामा परत आला होता.
"खोडली असती तर यादीत दिसलं असतं."
बरोबर आहे, दिसायला पाहिजे. बीडच्या यादीत माझं खोडणं नाही. "उद्या पाठवणे" पण नाही. क्षणभर मलाच वाटलं, दुसऱ्याच गावाचं खोडलं असेल. त्या गडबडीत काय सांगता येतं.
घरी येऊन ही वही उघडली. नऊ तारीख. लिहिलंय. माळेवस्तीच.
आणि "दहा तारखेला मामा गेले असणार" हेही लिहिलंय. असणार. विचारलं नाही कुणाला.

१९ एप्रिल, शुक्रवार
आंबेवाडीला गेले. कुलकर्णी सरांना न सांगता, एसटीनं, मग वडापच्या जीपनं.
संदीप पॉइंटवर. पंप सोळा तारखेपासून चालू झालाय. मशीन उघडलं, आतलं घड्याळ बघितलं.
२९ एप्रिल.
परत बघितलं. २९ एप्रिल. संदीपला विचारलं, त्या दिवशी तारीख काय टाकलीस? तो आठवून म्हणाला, "नऊच टाकली." मग आपणच बारीक आवाजात, "एकोणीस पडली असंल का?"
नऊऐवजी एकोणीस. म्हणजे चालू झाल्या झाल्या मशिनीनं हातातली अर्धवट नोंद पुरी केली आणि तिच्यावर १९ तारखेचा शिक्का मारला. लाईन आल्यावर तीच सगळ्यात नवी ठरली. मी नऊला खोडलेलं, दहासाठी टाकलेलं, सगळं तिच्यापुढं जुनं. जुनं म्हणून पुसलं गेलं. बीडवर, गेवराईवर, लिंबागणेशवर. चार जागी एकच खोटं, आणि चारी जागी जुळतंय म्हणून कुणाला शंका नाही.
नियम माझा. जागेच्या कागदावर सही माझी. "टाक की आजची" म्हणणारी मी. पडद्यावरची तारीख काढणारी पण मीच.
घड्याळ बरोबर केलं. संदीप म्हणाला, "मॅडम, काकाला सांगू नका." घामाघूम झालेला. त्याचा रागही येईना.

२० एप्रिल, शनिवार
दवाखान्यात गेले. रुक्मिणबाई चाळिशीची असेल. पायाला वजन लावलंय, हलता येत नाही. तिची नणंद उशाशी. मी संघातून आलेय म्हटल्यावर नणंद उठून उभी राहिली. "आता कावून आलात?"
रुक्मिणबाईनं तिला बस म्हटलं. मला विचारलं, "त्या डायवरला लई मारलं का ओ?"
म्हटलं, हो.
"मला वर काढल्यावर बगितलं मी. त्याच्याच टँकरातलं पाणी माझ्या तोंडाला लावलं लोकांनी. आन् त्यालाच मारत व्हते."
मग मी सांगितलं. सगळं नाही सांगता आलं, घड्याळ, नोंद वगैरे तिला काय सांगणार. एवढंच म्हटलं, त्यांनी पाणी विकलं नाही, चूक आमच्या मशिनीची आहे.
तिनं माझ्याकडं बघितलं. "मशीन कोण चालवतं?"
"मी."
तिनं तोंड फिरवलं. मी उठले.

२२ एप्रिल, सोमवार
कुलकर्णी सरांना सगळं सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी. "सभासदांना आपण काय सांगितलंय, नसरीन? मशीन चुकत नाही, म्हणून वशिला चालणार नाही. आता हे बाहेर गेलं तर?"
आणखी एक सांगितलं, ते जास्त घाईचं. सोळा ते एकोणीस ह्या चार दिवसांत आंबेवाडीवरून सात गावांचे टँकर भरले. त्यांच्याही नोंदी दहा दहा दिवस पुढच्या. म्हणजे त्यांची पुढची पाळी यादी आपोआप पुढं ढकलणार. ती सात गावं मला आजच दुरुस्त करू द्या.
"चौकशी होईपर्यंत यादीला हात लावायचा नाही. चे.सां.चा निरोप आहे. उद्या म्हणतील पुरावा बदलला."
"सर, पाणी जाणार नाही तिकडं."
"लेखी दे."
दिलं. लेखी.
दुपारी आंबेवाडीचं मशीन ऑफिसात आलं, जीपमधून. चे.सां.नी "तपासायला" मागवलं म्हणे. उघडून बघितलं तर आत काहीच नाही. कोरं. संदीपला फोन केला तर उचलत नाही.

२३ एप्रिल, मंगळवार
लिंबागणेश. दुसरीकडून आलेली प्रत्येक नोंद कधी आली, ते इथलं मशीन स्वतःच्या घड्याळानं टिपून ठेवतं. मला त्याची आठवण पहाटे झाली.
सापडलं. ९ एप्रिल, संध्याकाळी सहा चाळीस: आंबेवाडीकडून आलेली नोंद, तिच्यावरची तारीख १९ एप्रिल. आणि तिच्याखाली, पुसलेल्या नोंदींत, माझं खोडणं. दुपारी तीन दहा. माझ्या नावासकट.
तीन प्रिंट काढले. एक इथल्या पॉइंटवरच्या मावशींकडं ठेवलं, एक अब्बांकडं, एक माझ्याकडं.
अब्बांनी कागद घेतला, वाचला नाही. "बेटा, नोकरी जाएगी?"
"जाऊ शकते."
"बरं," म्हणाले, आणि कागद कपाटात कपड्यांखाली ठेवला.

२४ एप्रिल, बुधवार
नामदेव मामा बहिणीकडं आहेत, लिंबागणेशलाच. काल एवढ्या जवळ जाऊन भेटायची हिंमत झाली नव्हती. आज गेले. डोळ्याखाली काळंनिळं, डावा हात गळ्यात.
प्रिंट दाखवलं. त्यांना वाचता येतं, पण हातात घेतलं नाही. "मला कशाला दाखिवती? मला म्हाईतच हाय मी काय केलं न् काय न्हाई."
"मामा, चूक माझी आहे."
"व्हय." एवढंच.
मग गळ्यातला हात सावरत म्हणाले, "मारलं त्याचं न्हाई वाटत. माळेवस्तीत बावीस वर्सं पाणी नेतोय. म्हातारी माणसं सुदा व्हती मारायला. त्यांनी इचारायचं तरी."
मी पण विचारलं नव्हतं. ते त्यांना माहीत होतं, तरी बोलले नाहीत.
निघताना त्यांच्या बहिणीनं पाणी दिलं. अर्धा पेला. पिऊन टाकलं, थेंबही ठेवला नाही.

२७ एप्रिल, शनिवार
संचालक मंडळाची बैठक. मला बारा वाजता आत बोलावलं. अकरा माणसं, मधे चे.सा.
वाचून दाखवलं. जागा कुणी ठरवली, नियम कुणी केला, तारीख कशी पडली, माझं कुठं चुकलं. संदीपचं नाव घेतलं. खडकीच्या ऐवजी आंबेवाडी कशी झाली, तेही.
चे.सा. म्हणाले, "म्हणजे चूक बाईंनी कबूल केली. लिवून घ्या."
गेवराईकडच्या एका संचालकांनी प्रिंट मागितलं, चष्मा लावून वाचलं. "अन् आंबेवाडीचं मशीन कोरं कसं झालं?"
चे.सा. समोरचे कागद चाळत राहिले.
"न्हाई, मी इचारतोय. कसं झालं?"
बैठक तहकूब. पुढची तारीख कळवू. नामदेव मामांचं सस्पेन्शन तोवर तसंच. सात गावांचं काय, हे मी दारातून वळून विचारलं. "बघू," चे.सा. म्हणाले, "तुमी आता त्यात पडू नका."

२९ एप्रिल, सोमवार
सकाळी पासवर्ड चालेना. शिंदे म्हणाले, वरून बंद केलाय, तुम्ही तूर्त फोनवर बसा. आपली खुर्ची द्यायला उठले. कधी नव्हे ते.
फोनवर बसले. यादी दिसत नाही, लोकांना सांगणार काय? मग शिंदेंना म्हटलं, मला फक्त नंबर द्या. सात गावांचे. त्यांनी डायरी सरकवली, काही विचारलं नाही.
एकेका गावाला मीच फोन लावला. "संघातून बोलतेय. पाणी आलं का तुमच्याकडं?"
चार गावांना आलंय. शेजारच्या गावच्या टँकरमधून ड्रायव्हर लोकांनी आपल्या मनानं दिलंय म्हणे. दोन गावांत निम्मं. सातवी करंजवस्ती. फोन एका बाईनं उचलला. "कुटलं पाणी? अठराला आलतं, त्यावर न्हाई." अकरा दिवस. शिंदेंनी हळूच पडदा माझ्याकडं वळवला. करंजवस्ती, पोचलं.
म्हटलं, "बाई, विहिरीत कुणाला उतरू देऊ नका. मी बघते."
"तुमी बगता म्हंजे? कधी?"
लिंबागणेशच्या पॉइंटवर लावला. मावशी म्हणाल्या, पाणी आहे, पंप चालू आहे, टँकर एकच उभा आहे, नामदेवचा. नवीन काच बसवून काल आणून लावला, पण चालवायला माणूस दिलेला नाही.
मामांना फोन केला. सगळं सांगितलं. ऑर्डर नाही हे पण सांगितलं. यादीप्रमाणं तिथं पाणी पोचलेलं आहे, म्हणजे गेलात तर परत तुमच्याच नावावर येईल, हे पण.
ते उठून बसल्याचा आवाज आला.
मग म्हणाले, "एका हातानं चालवता येतंय. किल्ली कुनाकडं हाय?"
टँकर लावल्यावर किल्ली ऑफिसात जमा झालीय, कुलकर्णी सरांच्या ड्रॉवरमध्ये. सर आत आहेत, दार लोटलेलं. शिंदे माझ्याकडं बघतायत. मामा फोनवरच आहेत. किल्ली आणायला उठतेय.